वासाच्या वस्तू

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या लेखी अमृतांजन हे अन्न आहे. टूथपेस्ट, साबण, लिपस्टिक, च्युइंगम, खोकल्याच्या गोळ्या, बाळाचे ओले टिश्यू, कचऱ्याची पिशवी, सगळं अन्नच. ज्याला वास येतो ते अस्वलाला खाण्यासारखं वाटतं, म्हणून ते रात्री तंबूत ठेवायचं नाही, गाडीतही नाही. कॅम्पसाइटवरच्या लोखंडी पेटीत, म्हणजे बेअर लॉकरमध्ये टाकायचं आणि कडी लावायची. हा नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सॉसेज आणि मार्शमेलो घेऊन येणारं चौकोनी कुटुंब असणार. हिंग, गोडा मसाला, लसणाची चटणी, कैरीचं लोणचं आणि साजूक तूप घेऊन बे एरियातून मराठी ग्रुप येईल, हे त्यांना कुठून सुचणार! आमच्या सामानात वास नसलेली वस्तू शोधायची तर फक्त तंबूच्या खुंट्या. त्याही वर्षभर गराजमध्ये मसाल्याच्या खोक्याशेजारी पडून होत्या.

या खेपेला ठिकाण होतं हॉजडन मेडो. उद्यानाच्या बिग ओक फ्लॅट दारातून आत शिरलं की लगेच, साधारण 4,900 फुटांवर, पाइन आणि सीडरच्या दाट जंगलात. तिथे ग्रुप साइट मिळते, पण माणसं कमीत कमी 13 आणि जास्तीत जास्त 30. आमची अडचण 13 ची कधीच नव्हती. बुकिंग पाच महिने आधी, 15 तारखेला सकाळी 7 वाजता उघडतं आणि चहा गाळून होईपर्यंत संपतं. त्यामुळे त्या सकाळी घरोघरी माणसं आंघोळी सोडून लॅपटॉपसमोर बसली होती. जागा मिळाली आमच्या मुकादमांना. हे त्यांचं आडनाव नव्हे. गेली काही वर्षं ते सगळ्यांना कामं वाटून देतात आणि स्वतः शिट्टी गळ्यात घालून उभे राहतात, म्हणून.

जागा मिळाल्यावर यादी. येतो म्हणणारे, बघतो म्हणणारे, आणि ‘आम्हाला धरा, पण अगदी नक्की धरू नका’ म्हणणारे. एक तान्हं बाळ माणसात धरायचं का यावर बराच खल झाला. त्या बाळाचं सामान गाडीतून उतरताना पाहिल्यावर त्याला एक नव्हे, दोन माणसं धरायला हवं होतं असं माझं मत झालं.

मुकादमांची एक्सेल शीट तीन पानांची होती: माणसं, तंबू, खाणं. तंबूंचं पान चार ओळींत आटोपलं. खाण्याच्या पानाला मात्र रंग होते. वाटेत दशम्या आणि मेथीचे पराठे, सकाळी कांदेपोहे, दुपारी मिसळ, संध्याकाळी भेळ, रात्री वरणभात, बटाट्याची भाजी आणि शिरा, दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी (कुणाची तरी चतुर्थी होती), आणि मधल्या वेळांना चकली, चिवडा, बाकरवडी. अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक नोंद होती: ‘जंगलात फिरणे (वेळ मिळाल्यास)’.

जाताना गाडीत नवऱ्याने अस्वलांबद्दल वाचून दाखवायला घेतलं. 1998 साली योसेमिटीत अस्वलांनी माणसांच्या गाड्यांवर आणि सामानावर हात मारण्याचे दीड हजारांहून जास्त प्रसंग घडले होते. गंमत म्हणजे पूर्वी याच उद्यानात पर्यटकांना तमाशा म्हणून अस्वलांना खरकटं खायला घालत. ते 1940 मध्ये थांबलं. पण माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल धीट होतं, आणि धीट झालेल्या अस्वलाला शेवटी मारावं लागतं. लॉकर आणि नियम कडक झाले ते त्यासाठी, आपले पराठे वाचावेत म्हणून नव्हे. त्यानंतर हे प्रकार पुष्कळ कमी झाले. “आणि हे ऐक,” नवरा म्हणाला. 2001 ते 2007 या काळात फोडलेल्या गाड्यांचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तर अस्वलं मिनिव्हॅन निवडून फोडतात असं निघालं. उद्यानात जेवढ्या मिनिव्हॅन येतात त्या मानाने कितीतरी जास्त. एक शक्यता अशी की त्यांत लहान मुलं असतात आणि मुलं सांडतात.

मी मागे वळून पाहिलं. धाकट्याच्या सीटच्या फटीत शेव, पोह्याचे दाणे आणि एक अर्धी बाकरवडी होती. पुढेमागे धावणाऱ्या आमच्या ताफ्यात सगळ्या मिनिव्हॅनच होत्या. अपवाद एका विजेच्या गाडीचा. तिचे मालक प्रीस्ट ग्रेडच्या चढावर देखावा सोडून बॅटरीचा आकडा बघत होते.

आता कुकरबद्दल. कॅम्पग्राउंडवर रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची असते. निघण्याआधीच्या बैठकीत कुणीतरी मुद्दा काढला की कुकरची शिट्टी हा आवाज आहे. दुसऱ्याने सांगितलं की त्याच्या ओळखीच्या ओळखीत कुणालातरी अशा शिट्टीवरून शेजाऱ्यांनी बोल लावला होता. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला ‘ते लोक काय म्हणतील’ एवढं ऐकवलं की तो काहीही घरी ठेवून यायला तयार होतो. कुकर आणायचा नाही, असा ठराव सर्वानुमते झाला. जेवण संध्याकाळी सातचं आहे आणि शांतता रात्री दहापासून आहे, हे एकाही इंजिनिअरच्या ध्यानात आलं नाही.

साडेपाचला तुरीची डाळ पातेल्यात चढली. साडेसातला ती पाण्यात सुटी सुटी पोहत होती. तोवर पातेल्याभोवती सॉफ्टवेअरवाले, मेकॅनिकलवाले आणि एक खरेखुरे केमिकल इंजिनिअर जमले. केमिकलवाल्यांनी पळीला हात न लावता समजावून सांगितलं: दर हजार फुटांना पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, म्हणजे इथे पाणी 95 अंशांनाच उकळतं, ज्योत कितीही वाढवा, पाणी त्यावर तापणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. डाळीवर परिणाम शून्य.

माझ्या सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि घडीच्या खुर्चीत शाल पांघरून हे ऐकत होत्या. “मग महाबळेश्वरला कशी शिजते?” त्यांनी विचारलं.

महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास, म्हणजे जवळपास तेवढंच. केमिकलवाले विचारात पडले.

“कुकरमध्ये,” मागून कुणाची तरी बायको म्हणाली.

भाताचीही तीच गत. वरून कच्चा, खालून करपलेला. शिरा मात्र उत्तम झाला होता, कारण रवा उत्कलनबिंदूवर अवलंबून राहत नाही. डाळ बोटाने दाबली की मोडेल अशी झाली तेव्हा दहा वाजले होते आणि मुलं चिवडा खाऊन झोपली होती.

दहानंतर शेकोटीभोवती कुजबुजत अंताक्षरी झाली. कुजबुजत म्हटलेली लावणी ज्याने ऐकली नाही त्याला शांततेच्या नियमाची ताकद कळायची नाही. त्यातच कुणीतरी रूझवेल्टची गोष्ट काढली. 1903 च्या मे महिन्यात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट लवाजमा मागे ठेवून निसर्गप्रेमी जॉन म्यूरबरोबर योसेमिटीत तीन रात्री उघड्यावर राहिला. ग्लेशियर पॉइंटला रात्रीत बर्फ पडलं, सकाळी पांघरुणावर थर, आणि रूझवेल्ट खूश. म्यूरने त्या मुक्कामात जंगलांची बाजू मांडली आणि 1906 मध्ये योसेमिटीची दरी राज्याकडून केंद्र सरकारकडे आली. बरोबर मोजकीच माणसं होती म्हणून हे जमलं, असं माझं ठाम मत आहे. तीस जण असते तर पहिल्या रात्री कुणी कुणाच्या तंबूत झोपायचं हेच ठरलं असतं, आणि म्यूरला कांदे चिरायला बसवलं असतं.

मग मुकादम हातात टॉर्च आणि नियमांची प्रत घेऊन तंबूतंबूंतून फिरले. “वासाचं सगळं बाहेर काढा.”

सासूबाईंच्या कापडी पिशवीतून एकेक वस्तू निघू लागली. हिंगाष्टक चूर्ण. बडीशेप. आवळासुपारी. निलगिरीचं तेल. कापूर. अर्धा पुडा उदबत्ती. खोबरेलाची बाटली, ती दुधाच्या पिशवीत, ती पिशवी रबर लावून आणखी एका पिशवीत. शेवटी उशीखालून अमृतांजनची पिवळी बाटली निघाली.

“आई, हेसुद्धा ठेवायचं.”

“अस्वलाचं डोकं दुखतं का?”

“वास येतो ना त्याला.”

“आणि रात्री माझं दुखलं तर?”

“तर उठून लॉकर उघडायचा.”

“तिथे अस्वल असलं तर?”

“असलं तर नाही उघडायचा.”

त्यांनी बाटली दिली. मग टॉर्चच्या उजेडात मुकादमांकडे वर पाहत शांतपणे विचारलं, “आणि कपाळाला लावलंय त्याचं काय करायचं?”

मुकादमांनी नियमांची प्रत पुढून मागून पाहिली. कपाळाबद्दल काहीही लिहिलेलं नव्हतं.

लॉकरची कडी आत हात घालून वर ढकलावी लागते. अस्वलाचा पंजा त्या खाचेत जात नाही. आमच्या मुकादमांचाही जाईना. शेवटी एका सातवीतल्या मुलीने ती लावली. लॉकर होते पुरेसे, पण ते दुसऱ्या कुणाला पुरेसे झाले असते. आम्ही लोणच्याच्या बरण्या आडव्या, मग उभ्या, मग पुन्हा आडव्या करून पाहिल्या. करपलेल्या भाताचं मोठं पातेलं काही केल्या आत जाईना, तेव्हा दोघा जणांनी थंडीत कुडकुडत ते इतकं लख्ख घासलं की त्यांच्या बायकांनी फोटो काढून ठेवले.

किती वाजले होते ठाऊक नाही. तंबूंमधून घोरण्याची जुगलबंदी रंगात आली होती. एकाएकी पातेल्यावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. मग फुस्स असा एक श्वास, आणि तो आमच्यापैकी कुणाचाही नव्हता.

कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर जे अस्वल आहे ते ग्रिझली. ते या राज्यातून शंभर वर्षांपूर्वीच संपलं. उरली ती काळी अस्वलं, जी इथे बहुतेक तपकिरी असतात. ती सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत. कॅम्पमध्ये शिरली तर लांबूनच, सगळ्यांनी मिळून, होईल तेवढा आरडाओरडा करून त्यांना पळवायचं असतं. हे सगळं मुकादमांनी दुपारी वाचून दाखवलं होतं. पण ती दुपार होती. आता शांततेची वेळ होती. अंधारात तंबूची चेन अर्धी उघडल्याचा आवाज झाला आणि मुकादमांनी कुजबुजत हुकूम सोडला, “ओरडा!”

“काय ओरडायचं?” शेजारच्या तंबूतून तितकंच हळू कुणीतरी विचारलं.

“काहीही!”

“मराठीत की इंग्रजीत?”

हा प्रश्न समितीपुढे गेला असता. तेवढ्यात माझ्या शेजारून सासूबाई उठल्या, चेन खाली ओढून डोकं बाहेर काढलं आणि गल्लीतल्या कुत्र्याला हाकलतात त्या आवाजात गरजल्या, “हाड! हाड रे! जातोस का घालू पाठीत!”

झुडपं मोडल्याचा आवाज झाला, तो लांब लांब गेला. मग कंठ फुटल्यासारखे सगळेच ओरडायला लागले. बराच वेळ. मुकादमांनी शिट्टीसुद्धा फुंकली. शेजारच्या साइटवरून दिव्याचा झोत आला आणि एका सभ्य आवाजाने सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. सासूबाई तोवर पुन्हा झोपल्या होत्या.

सकाळी पोह्यांबरोबर साक्षी झाल्या. अस्वल ज्यांच्या तंबूजवळून गेलं त्यांच्या मते ते बेताचं होतं. ज्यांनी चेन उघडलीच नाही त्यांना ते प्रचंड वाटलं. एकाने ते रॅकून असावं अशी शंका काढली. त्याला पोहे कमी मिळाले.

रेंजर बाई आल्या. त्यांनी नोंद केली, लख्ख पातेलं आणि लॉकर पाहून समाधानाने मान हलवली, आणि आजींनी अगदी योग्य तेच केलं म्हणाल्या. मी भाषांतर केलं. “त्यांना सांग, घरी मी गाढवंसुद्धा हाकलते,” सासूबाई म्हणाल्या. प्राण्यांना कधीही काही खायला घालू नका, असं रेंजर बाई मुलांना समजावत होत्या, आणि त्याच वेळी काळ्या तुऱ्याचा एक निळा स्टेलर्स जे फांदीवरून खाली आला, मुकादमांच्या बशीतली बाकरवडी चोचीत धरून निवांत वर जाऊन बसला. त्याच्यासाठी लॉकर नाही.

वेळ मिळाला, त्यामुळे जंगलात फिरणंही झालं. जवळच ट्वालमी ग्रोव्ह आहे. मैलभर उतार उतरलं की सेकोयाचे महावृक्ष. तिथल्या एका मेलेल्या झाडाच्या बुंध्याला 1878 मध्ये गाडी जाईल एवढा बोगदा पाडलाय. सासूबाई त्यातून गेल्या, परत आल्या, आणि हे करणाऱ्याला दुसरं काही काम नव्हतं का म्हणाल्या. परतीच्या चढावर प्रत्येक वळणाला बसायची जागा शोधत होत्या. वाटेत त्यांना शुगर पाइनचं हातभर लांब बोंड सापडलं. गौरींच्या आरासीला उत्तम. उद्यानातून असं काही नेता येत नाही, असं सांगितल्यावर त्यांनी ते नाकाशी नेलं, मग नाइलाजाने खाली ठेवलं. “याला तर वाससुद्धा येत नाही,” म्हणाल्या.

ग्रोव्हलँड गावाजवळ फोनला रेंज आली. ग्रुपवर मुकादमांचा संदेश आला होता: पुढच्या वर्षीच्या यादीत पहिली ओळ, कुकर, नग 2. सासूबाईंनी सांगलीला बहिणीला फोन लावला. मी कान देऊन ऐकत होते. आता अस्वल किती मोठं होतं ते कळणार होतं.

“हो, आलं होतं. हाकललं,” त्या म्हणाल्या. “ते जाऊ दे. अगं तीस माणसं, त्यातली निम्मी इंजिनिअर, आणि तुरीची डाळ शिजली नाही.”

तिकडून मावशींनी काहीतरी विचारलं.

“होता की,” सासूबाई म्हणाल्या. “प्रत्येकाकडे होता. घरी.”