रांजणातला तत्त्वज्ञ

प्राचीन ग्रीसमध्ये तत्त्वज्ञ म्हणवून घ्यायला ग्रंथ लिहावा लागत नसे, तसं जगून दाखवावं लागे. डायोजिनीस तर रांजणात राहायचा. एका पोराला ओंजळीनं पाणी पिताना पाहून त्यानं जवळचा प्यालाही फेकून दिला. वाशीमच्या ऐन उन्हाळ्यात हे मी आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं हातातली कळशी खाली ठेवली. “अन् बुवा रांजणात बसला तं पाणी कुठी भरे मंग?” नळ रोज न येणाऱ्या गावात हा आक्षेप बिनतोड होता.

मग मी एपिक्टेटसकडं वळलो. गुलाम म्हणून जन्मलेला, पायानं अधू, आणि सांगणं एवढंच की आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, ते आधी वेगळं करा. काका नुकतेच सोयाबीन विकून मार्केट यार्डातून आले होते. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. “पाऊस? नाही. भाव? नाही. पीकविमा? नाही. लाईन? ते तं नाहीच.” हातात असलेल्या गोष्टींपाशी बराच वेळ थांबून म्हणाले, “चहा टाकाले सांग.”

घरात शिष्य मिळेना, म्हणून इतिहासात शिरलो. इ.स.पू. ३२६च्या सुमारास अलेक्झांडरनं तक्षशिलेजवळच्या नग्न साधूंकडं ओनेसिक्रिटसला पाठवलं. हा डायोजिनीसचाच चेला, म्हणजे वैराग्यात घराण्याचा माणूस. पण गेला अंगरखा, रुंद टोपी आणि बूट घालून! तापलेल्या दगडांवर पडलेला त्यांतलाच एक साधू, कलानस, त्याला पाहून हसला आणि म्हणाला, ऐकायचं असेल तर कपडे काढ आणि शेजारी येऊन पड. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोनं नोंदवलंय की ओनेसिक्रिटस घुटमळला. शेवटी दुसऱ्या एका वृद्ध साधूनं मध्ये पडून त्याची सुटका केली. ते साधू नेमके कोणत्या पंथाचे, यावर विद्वान अजून भांडतात. भांडोत बापडे.

आमच्या जिल्ह्यात कारंजा हे दिगंबर जैनांचं जुनं पीठ. तिथल्या भांडारांतल्या अपभ्रंश पोथ्या हिरालाल जैन यांनी १९३०च्या दशकात संपादून छापल्या. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. म्हणजे डायोजिनीसला पोरगं दिसेपर्यंत जे सुचलं नाही, ते इथं नित्याचं आहे.

तेव्हा कारंज्याला गेलो. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, पायांत बूट. एका मंदिराच्या दाराशी बसलेल्या आजोबांनी मला वरून खाली न्याहाळलं. “भाऊ, चामड्याचं काही असन तं इथीच ठेवा.” बूट गेले, पाकीट गेलं, शेवटी पट्टाही गेला. एका हातानं पँट सावरत मी उन्हानं तापलेल्या फरशीवर उभा राहिलो, आणि पट्ट्याचं टोकन मिळतं का, एवढं मात्र विचारून घेतलं.