परचेसकाका

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत नोकरी काढलेला माणूस दोन गोष्टींवरून ओळखावा. तो पत्ता गल्लीने सांगत नाही, रोड नंबरने सांगतो, आणि कुठल्याही वस्तूची किंमत ऐकली की म्हणतो, "हा झाला बोलायचा रेट. द्यायचा किती?"

राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि त्याची पहिली वसाहत म्हणजे आमची ही वागळे इस्टेट. या वसाहतीने देशाला नट-बोल्टापासून औषधांपर्यंत काय काय पुरवलं, त्याच्या नोंदी कुठल्या ना कुठल्या फायलीत असतील. पण तिने किसननगरपासून सावरकरनगरपर्यंत आणि पुढे ब्लॉक स्वस्त मिळाला म्हणून माणसं गेली त्या डोंबिवली-कल्याणपर्यंतच्या प्रत्येक सोसायटीला एकेक परचेसकाका पुरवला, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

आमच्या सोसायटीतले परचेसकाका रोड नंबर १६ वरच्या एका कंपनीच्या परचेस खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्या दारावर त्यांचं खरं नाव आहे, पण ते फक्त पोस्टमनला माहीत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, बगलेत रेक्झिनची फाईल. कंपनी बंद पडली, तिच्या जागी काचेचा आयटी पार्क आला, तरी फाईल तीच आहे. पूर्वी तिच्यात बेअरिंग आणि ग्रीसची कोटेशनं असत, आता मंगल कार्यालयाची आणि केटररची असतात. सोसायटीत कोणाच्या घरी लग्न ठरलं की साखरपुड्याचा पेढा तोंडात विरघळायच्या आत काका दारात उभे. "अभिनंदन! तीन कोटेशनं मागवलीत का?"

तीन कोटेशनं हे काकांचं गायत्री मंत्रासारखं आहे. हॉलची तीन, केटररची तीन, फुलांची तीन, घोड्याचीही तीन. मग एका फूलस्केपवर आडव्या-उभ्या रेघा मारून तक्ता तयार होतो. सगळ्यांत स्वस्त तो 'एल-वन'. एकदा कोणीतरी मुलाकडची तीन स्थळं आल्याचं सांगितलं, तेव्हाही काकांनी सवयीने विचारलं, "एल-वन कोण?" मुलीच्या आजीला तो मुलगा दक्षिण भारतीय असावा असं वाटलं.

काकांचा पहिला वार मुहूर्तावर. मार्गशीर्षापासून पुढचे दिवस म्हणजे त्यांच्या भाषेत सेलर्स मार्केट. तुळशीचं लग्न लागलं की हॉलवाले ताठ होतात, रविवारी तर बोलतच नाहीत. म्हणून काकांचा ओढा चातुर्मासाकडे. पंचांगात गौणकालातले विवाहमुहूर्त दिलेले असतात, ते पान त्यांनी दुमडून ठेवलेलं असतं. "भर पावसात, बुधवारी सकाळचा मुहूर्त धरा. हॉल निम्म्यात येतो की नाही बघा. पाव्हणेही पावसामुळे निम्मेच येतात." एका यजमानांना तर त्यांनी पितृपक्ष सुचवला होता. हॉल रिकामाच असतो, फुलांना भाव नसतो, "आणि पितर आलेलेच असतात, त्यांना वेगळं आमंत्रण नको." त्या घरच्या आजोबांनी काकांना जिन्यापर्यंत पोचवलं. निरोप द्यायला नव्हे, खात्री करायला.

हॉलवाल्यासमोर काकांना बघावं. आपण वरात कुठून येणार, स्टेज कुठे, असं बघत असतो. काका मीटर बघतात. विजेचं वेगळं घेणार का? जनरेटर लागला तर डिझेल कोणाचं? साफसफाई धरून की सोडून? भाड्यावर १८ टक्के जीएसटी आत की बाहेर? डिपॉझिट किती दिवसांनी परत? "मला रेट सांगू नका, लँडेड कॉस्ट सांगा," असं ते म्हणतात तेव्हा मॅनेजर लँड शब्द ऐकून चपापतो. यांना हॉल विकत हवाय की काय! शेवटी मॅनेजर थकून दोन हजार सोडतो. काका ते लगेच फाईलवर लिहितात. इथे मात्र त्यांचं मोठेपण मान्य करायला हवं. हॉल ठरवताना आपण जे विचारायला विसरतो आणि निघताना बिलात बघून हादरतो, ते सगळं काका आधी विचारून ठेवतात.

त्यांची फिरस्तीही दांडगी. फुलं तलावपाळीच्या दुकानातून घ्यायची नाहीत. पहाटेची लोकल पकडून कल्याणच्या बाजार समितीतल्या फूलबाजारात जायचं, नाहीतर दादरला पुलाखाली. किराणा जांभळी नाक्यावरून. देण्याघेण्याच्या साड्यांसाठी उल्हासनगरचं गजानन मार्केट. गठ्ठ्याने घेतलं की नगाला किती पडतं हे त्यांना दुकानदाराआधी कळतं. सोन्याच्या दुकानात तर ते वधूच्या गळ्याकडे बघतच नाहीत. ९१६ चा शिक्का कुठे, घडणावळ किती टक्के, खड्यांचं वजन सोन्यात धरलं का, मोडीत दिलं तर किती घट? नवरीला हार कसा दिसतो, हा प्रश्न स्पेसिफिकेशनमध्ये नसतो.

पत्रिकांचं प्रकरण मात्र सोसायटी विसरणार नाही. इस्टेटीत औषधांची खोकी छापणारा काकांचा एक जुना सप्लायर होता. त्याच्याकडे पुठ्ठ्याची कापं उरलेली. काकांनी त्यावर फुकटाच्या भावात पत्रिका छापून घेतल्या. पुढून गणपती, वधूवरांची नावं, आप्तेष्टांची विनंती, सगळं झकास. मागून मात्र बारीक अक्षरात, 'थंड व कोरड्या जागी ठेवा. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.' काका म्हणाले, "लग्नाबद्दलची एवढी खरी सूचना आजवर कुठल्या पत्रिकेवर आली होती?"

वऱ्हाडाच्या बसचंही तसंच. कारखान्याची स्टाफ बस रविवारी उभीच असते, म्हणून काकांनी ती डिझेलच्या खर्चात मिळवली. ड्रायव्हर इतकी वर्षं एकाच वाटेने जाणारा. त्याने नवरदेवासकट वऱ्हाड कोपरी, तीन हात नाका करत सगळ्या थांब्यांवर थांबत नेलं आणि कंपनीच्या गेटाशी गाडी उभी करून हॉर्न दिला. मामा झोपेत होते. ते उतरून पंच करायला निघाले होते.

गुरुजींनाही काकांनी परचेस ऑर्डर दिली होती. 'सप्तपदी, सात नग. मंगलाष्टकं, आठच, जास्तीची स्वीकारली जाणार नाहीत. लाजाहोम, तुपासह. पेमेंट ४५ दिवसांत.' गुरुजीही ठाण्याचेच. त्यांनी शांतपणे खाली लिहून दिलं, 'माल एकदा लागला की परत घेतला जाणार नाही.'

जेवण हे काकांचं रणमैदान. त्यांचं पहिलं तत्त्व, मठ्ठा आधी. मठ्ठा पोटात जागा घेतो. दुसरं तत्त्व, जिलबीपेक्षा मसालेभाताकडे ओळ वळवावी. तिसरं, बुफेत ताटं मोजायला आपला माणूस हवा, कारण बिल ताटावर असतं आणि मोजदाद केटररची. हा शेवटचा मुद्दा अगदी खरा आहे. म्हणून काका एका भाच्याला ताटांच्या चळतीपाशी स्टुलावर बसवतात. भाचा प्रत्येक ताटामागे वहीत एक रेघ मारतो. आत्याबाईंनी पुरणपोळीसाठी दुसरं ताट उचललं तेव्हा भाच्याने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यांनी पोळी पदरातच घेतली.

प्री-वेडिंग फोटोंवर काकांचा विशेष राग. येऊरला नाहीतर उपवनला जाऊन झाडाभोवती फिरायचे हजारो रुपये! "लग्नाआधीच सगळे फोटो काढायचे, मग लग्नात काय एक्सरे काढायचे?"

काकांच्या घरात एक कपाट केवळ आहेराचं आहे. ब्लाउज पीस, टॉवेल-टोपी, स्टीलचे डबे, काचेचे सहा ग्लास. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, कोणाकडून, कधी. आधी आलेलं आधी बाहेर, हा स्टोअरचा नियम. हिरव्या काठांचा एक ब्लाउज पीस चार घरं फिरून पुन्हा काकांकडे आला, तेव्हा कापड कुठे कुठे विरलं होतं, पण काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. कारण चिठ्ठी अजून जागेवर होती.

मग आला करोना. २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली आणि २०२१ च्या एप्रिलात सरकारने ती २५ वर आणली. वर लग्न दोन तासांत उरकायचं, नाहीतर ५० हजार दंड. लोक हळहळले. आम्हाला वाटलं, आता काकांचं सोनं झालं. सरकारच त्यांच्या बाजूने उतरलं. पण काका त्या काळात खंगले. फाईल कपाटावर धूळ खात पडली. पंचवीस ताटांची कोटेशनं कोण देणार? आणि पंचवीस ताटांवर घासाघीस ती किती करणार? काकू म्हणाल्या, "यांना ताप नाही, खोकला नाही. यांना गिऱ्हाईक नाही."

खरा पेच पडला तो काकांच्या मुलीच्या लग्नात. ती त्याच आयटी पार्कमध्ये नोकरी करते, वडिलांच्या जुन्या खात्याच्या बरोबर वरच्या मजल्यावर म्हणा ना. तिने जाहीर केलं, "आम्ही नोंदणी लग्न करणार. विशेष विवाह कायदा, १९५४. तीस दिवस आधी नोटीस, तीन साक्षीदार, सह्या, झालं."

"तीन साक्षीदार," काका पुटपुटले. आकडा ओळखीचा होता म्हणून थोडा धीर आला.

मुलगी वाचणारी आहे. तिने पुढे सांगितलं, की सत्यशोधक समाज १८७३ च्या सप्टेंबरात स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला पुण्यात समाजाच्या पद्धतीने पहिलं लग्न लागलं. भटजी नाही, बडेजाव नाही, खर्च काय तो पान-सुपारीचा. जोतीरावांना जे दीडशे वर्षांपूर्वी जमलं ते आपल्याला का जमू नये?

काकांनी विचारलं, "पान-सुपारी कुठून घेतली होती?"

त्या रात्री काकांनी तक्ता मांडला. रकाने पाडले. हॉल, निरंक. केटरर, निरंक. फुलं, दोन हार. तिन्ही कोटेशनांत एल-वन एकच, सरकार. काकू म्हणाल्या, "अहो, एवढी बचत तुमच्या अख्ख्या नोकरीत झाली नसेल. हसा की!" काका म्हणाले, "बचत कशातून धरू? मूळ रक्कमच नाही."

त्या एका वाक्यात सगळे परचेसकाका आले. त्यांना पैसे वाचवायचे नसतात. सांगितलेली किंमत आणि दिलेली किंमत यांच्यातलं अंतर त्यांना हवं असतं. आणि ते अंतर पडायला आधी काहीतरी विकत घ्यावंच लागतं.

शेवटी तोड निघाली. नोंदणी झाली आणि आठवड्याने रिसेप्शन झालं. काकांनी जीव ओतला. पाचशेचं ताट चारशे ऐंशीला आणलं. साडेचारशे माणसं जेवली, म्हणजे नऊ हजार वाचले. रात्री सगळं आटोपल्यावर काका फाईल घेऊन मुलीपुढे बसले, चेहरा उजळलेला. मुलीने यादी मागितली. तिच्यात काकांचे जुने सप्लायर, जुन्या सप्लायरांचे नवे भागीदार आणि १९९० साली काकांनी ज्यांच्या मुलाच्या मुंजीत आहेर केला होता असे, मिळून दीडशे जण तिने मोजले. "बाबा, हे नसते तर बहात्तर हजार वाचले असते." काका चमकून म्हणाले, "पण मग साडेचारशेचा स्लॅब लागला नसता. तीनशेला त्याने पाचशेच लावले असते!" मुलीने पुन्हा हिशोब केला. वीस रुपये जास्त देऊनही सहासष्ट हजार वाचतच होते. काकांनी फाईल मिटली आणि झोप आल्याचं सांगितलं.

काकांना दोष देण्यात अर्थ नाही. कारखान्यात परचेस खात्याचं काम इंडेंट आल्यावर सुरू होतं. काय हवं, किती हवं हे मागणारा विभाग लिहून पाठवतो. परचेसने ते स्वस्तात आणायचं. 'हे लागतं का?' असा प्रश्न विचारायची त्यांना मुभाच नसते. काकांनी सगळी नोकरी तशीच केली आणि चोख केली. लग्नघरांत मात्र इंडेंट भरणारा कोणीच नसतो. तो शेजारी भरतात, आत्या भरते, जावेच्या मुलीच्या लग्नात काय होतं ते भरतं, आणि मग सगळे मिळून दर खाली आणायला धावतात.

तेव्हा तुमच्या घरी कार्य निघालं तर परचेसकाकांना जरूर बोलवा. हॉलवाल्याशी, केटररशी, सोनाराशी त्यांनाच बोलू द्या. तुमचे पैसे नक्की वाचतील. फक्त ते दारात उभे राहण्याआधी पाव्हण्यांची यादी बंद करा आणि इंडेंटवर सही स्वतःची करा.