विषम मजल्यावरचा माणूस

परदेशात हॉटेलवर पैसे उधळणाऱ्या माणसांची मला पहिल्यापासून कीव येते. झोपायला लागतं काय? पाठ टेकायला जागा आणि दाराला कडी. ‘हॉटेलात आपण असतोच किती वेळ?’ हे वाक्य मी आजवर इतक्यांना ऐकवलं आहे, की माझ्याबरोबर प्रवासाला यायला आता घरातलं कुणी तयार होत नाही. हाँगकाँगला आली ती एकटी ताई. ती बँकेतून निवृत्त झाली आहे, त्यामुळे दुसऱ्यांच्या आर्थिक निर्णयांचे परिणाम शांतपणे बघायची तिला सवय आहे.

हाँगकाँगमध्ये स्वस्तात राहायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं चुंगकिंग मॅन्शन्सचं. कौलूनमधला त्सिम शा त्सुई हा झगमगाटी भाग, त्यातला नेथन रोड, आजूबाजूला घड्याळांची आणि हिऱ्यांची दुकानं, आणि त्यांच्यामध्ये १९६१ साली बांधलेली ही १७ मजली इमारत. खाली दुकानं, वर ‘ए’ ते ‘ई’ असे पाच ब्लॉक आणि त्यांत मजल्यामजल्यावर गेस्ट हाऊस. वाँग कार-वाई यांच्या १९९४च्या ‘चुंगकिंग एक्सप्रेस’ या चित्रपटात ही इमारत दिसते. चित्रपट मी पाहिला होता. त्यातले अंधारे बोळ आणि पळापळ पाहून कुणीही शहाणा माणूस सावध झाला असता. मी त्यातून ‘जागा मध्यवर्ती आहे’ एवढाच बोध घेतला.

तरी खबरदारी म्हणून पैशांचा पट्टा मी शर्टाच्या आत, पोटाला बांधला होता. दारात दलाल घेरतात, कोट शिवून घ्या म्हणतात, नकली घड्याळं दाखवतात, हे ऐकून होतो. त्यांना परतवून लावायला चार कडक हिंदी वाक्यं विमानातच तयार करून ठेवली होती. दलाल होते. त्यांनी माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि ते माझ्या मागून येणाऱ्या गोऱ्या जोडप्याकडे वळले. माझी वाक्यं घशातच राहिली.

“बघ,” ताई म्हणाली, “नुसत्या चेहऱ्यावरून पत ओळखली. आमच्याकडे याला तीन फॉर्म भरावे लागायचे.”

आत शिरल्यावर डाळीच्या फोडणीचा वास आला आणि मी जरा सैलावलो. समोर ‘ए’ ब्लॉकची लिफ्ट दिसली, तिच्या रांगेत उभा राहिलो. बऱ्याच वेळाने वर गेल्यावर कळलं की आमचं गेस्ट हाऊस ‘डी’ ब्लॉकमध्ये आहे आणि वर एका ब्लॉकातून दुसऱ्यात जाता येत नाही. खाली या, दुकानांमधून वाट काढत जा, पुन्हा रांग लावा.

इथे लिफ्टबद्दल सांगायला हवं. प्रत्येक ब्लॉकला दोन लिफ्ट. दोन्ही चिमुकल्या. एक सम मजल्यांवर थांबते, दुसरी विषम. आमची खोली विषम मजल्यावर होती आणि किल्ली देणारा माणूस सम मजल्यावर बसत होता. आम्ही आधी खोलीच्या दाराशी पोचलो, तिथे ‘रिसेप्शन वरच्या मजल्यावर’ अशी चिठ्ठी. मधला एक मजला मी बॅग घेऊन जिन्याने चढलो. ताईने बॅग खालीच ठेवायला सुचवलं होतं, पण माझा तिथे कुणावर विश्वास नव्हता.

लहान खोलीचं मुंबईकराला कौतुक नसतं. पण या खोलीत दोन कॉटांच्या मधे एकच माणूस उभा राहू शकत होता, दुसऱ्याने तोवर झोपून राहायचं. बाथरूम म्हणजे फरशीचा एक चौकोन. त्यात कमोड, वर शॉवर, कोपराला लागून बेसिन. कमोडवर बसून अंघोळ आणि अंघोळ करता करता दाढी, अशी सोय. वेळेची बचत म्हणून मी ती ताईला उत्साहाने समजावून सांगितली. मग शॉवर सोडला, आणि टॉयलेट पेपर, टॉवेल आणि खुंटीवर टांगलेला पैशांचा पट्टा एकदमच भिजले. संध्याकाळी मी हाँगकाँग डॉलरच्या नोटा एसीसमोर एकेक करून वाळवत बसलो होतो. रात्री ८ वाजता हार्बरच्या दोन्ही तीरांवरच्या इमारतींवर दिव्यांचा खेळ होतो, तो फुकट असतो, म्हणून माझ्या यादीत पहिला होता. नोटा वाळवून, लिफ्टची रांग लावून मी धक्क्यावर पोचलो तेव्हा लोक परत निघाले होते.

स्टार फेरी कौलूनहून हार्बर ओलांडून सेंट्रलला जाते. तिला दहा मिनिटंही लागत नाहीत. मला खोलीतून रस्त्यावर यायला त्याहून जास्त वेळ लागायचा. हॉटेलात आपण असतोच किती वेळ? खोलीत फार नाही. रांगेत.

रांगेत ताईचं मात्र छान चाललं होतं. गॉर्डन मॅथ्यूज नावाच्या मानववंशशास्त्रज्ञांनी या इमारतीवर २०११ साली पुस्तक लिहिलं. गेस्ट हाऊसांच्या वह्यांमध्ये त्यांना १२९ देशांच्या लोकांच्या नोंदी सापडल्या. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत वापरल्या जाणाऱ्या मोबाइलपैकी सुमारे २० टक्के एकेकाळी या इमारतीतून गेले असावेत, असा त्यांचा अंदाज. हे मला ताईने रांगेत उभ्या उभ्या वाचून दाखवलं आणि म्हणाली, “एवढा माल हलला इथून. तुला एक बॅग हलवता येईना.”

त्याला कारण होतं. लिफ्टमध्ये वजन जास्त झालं की घंटा वाजते, आणि शेवटी शिरलेल्याने बाहेर पडायचं असा रिवाज आहे. मी शेवटी शिरलेला नसलो तरी घंटा वाजली की सगळे माझ्याकडे बघत. लिफ्टमधलं दृश्य खाली पडद्यावर दिसतं, त्यामुळे माझं बाहेर पडणं रांगेतल्या देशोदेशींच्या लोकांनाही पाहायला मिळे.

चोरीच्या भीतीने मी माझा आणि ताईचा असे दोन्ही फोन हातात धरून उभा असायचो. टांझानियाच्या एका व्यापाऱ्याने ते पाहून विचारलं, “कितीला देणार?” विकायचे नाहीत म्हटल्यावर त्याने भाव वाढवला. मग आणखी वाढवला. तिथे प्रत्येक जण काहीतरी विकायला नाहीतर विकत घ्यायला आला होता, नुसतं बघायला आलेला माणूस त्याच्या हिशेबात बसेना. घाबरून मी ताईकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, “या बॉस.” तिथपासून तो ताईला अदबीने नमस्कार करून लिफ्टमध्ये पुढे जाऊ देऊ लागला. ताईही त्याला व्याजाचे दर वगैरे समजावू लागली.

निघायच्या दिवशी घंटा वाजली, मी सवयीने बाहेर पडलो आणि दार मिटलं. ताई खाली गेली, मी मागे बॅगांसह जिन्याने. घामाघूम होऊन तळमजल्यावर पोचलो तर दोघं गप्पा मारत उभी. व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहून ताईला विचारलं, “हा हमाल दिवसाला किती घेतो?”

ताई म्हणाली, “फुकट आहे. पण परवडत नाही.”