चौकटीत आलेली बोटं

चित्रप्रदर्शनात चित्रांइतकाच मला चित्रकार बघायला आवडतो. तो आपल्या चित्राजवळ कधी उभा नसतो. पाच-सात पावलं सोडून, खांबाला टेकून, दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत असल्याच्या थाटात तो उभा असतो. मधूनच छताच्या पंख्याकडे बघतो, ओळखीचं कुणी भेटलं तर पावसावर बोलतो. पण त्याच्या चित्रापुढे कुणी थबकलं, की पावसावरचं वाक्य अर्ध्यातच राहतं. थबकलेला माणूस मान तिरकी करतो, खालच्या चिठ्ठीवरची किंमत वाचतो, ‘बरंय की’ म्हणतो आणि पुढे सरकतो. त्या एवढ्याशा दाखल्यावर आमचा सोलापूरचा चित्रकार पुढचं वर्ष काढतो. आमच्याकडे कौतुकाचा दुष्काळ आहे असं नाही, पण इथल्या उन्हात शब्दसुद्धा वाळवूनच वापरतात. शेंगाचटणीसारखे, कोरडे आणि टिकाऊ.

२०२० साली करोना आला आणि हा खांबाला टेकलेला माणूस एकाएकी नाहीसा झाला. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला आली. सार्वजनिक मूर्ती चार फुटांची, घरची दोन फुटांची, असा सरकारी नियम. देखावा नाही, मिरवणूक नाही, लेझीम नाही. ज्या मुलांचे हात ऑगस्ट लागताच लेझमासाठी शिवशिवायला लागतात, त्यांना घरात बसवून ठेवायचं म्हणजे उत्सवापेक्षा मोठं व्यवस्थापन. तेव्हा गावोगावच्या मंडळांनी रक्तदान शिबिरं घेतली, ऑनलाइन दर्शनं आणि ऑनलाइन स्पर्धा काढल्या. आमच्या चौकातल्या मंडळानं काढला चित्रांचा आणि छायाचित्रांचा ऑनलाइन महोत्सव. मुहूर्त मात्र नकळत अचूक साधला गेला. फ्रान्सनं १८३९ साली फोटो काढण्याची विद्या जगाला खुली केली ती १९ ऑगस्टला. हा जागतिक छायाचित्रण दिन चतुर्थीच्या तीन दिवस आधी येऊन गेला होता. मंडळाच्या अध्यक्षांना हे कुणीतरी सांगितलं, तर ते म्हणाले, ‘‘मग काय, देवाचीच इच्छा.’’

जगातही तेव्हा हेच चाललं होतं. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयानं त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लोकांना आवाहन केलं होतं, की घरात सापडेल त्या वस्तूंनी एखादं प्रसिद्ध चित्र स्वतःच उभं करा आणि फोटो पाठवा. लोकांनी डोक्याला टॉवेल गुंडाळून व्हर्मीरची मोत्याचं डूल घातलेली मुलगी केली, चादरी पांघरून संत केले. ते फोटो बघताना माझा जीव तुटत होता. टॉवेल आणि चादर या दोनच गोष्टींवर जर जागतिक चित्रकला उभी राहणार असेल, तर आमच्या गावाइतका माल कुणाकडे आहे? नेमके तेव्हा आमचे माग बंद होते आणि गोदामांत टॉवेल व्हर्मीरविना पडून होते.

महोत्सवात प्रवेशिका येऊ लागल्या. पहिल्या दोन दिवसांत जे आलं त्यात सिद्धेश्वर मंदिर, तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिराचं प्रतिबिंब, पहाटेचं सिद्धेश्वर मंदिर, आणि उलटं सिद्धेश्वर मंदिर. हे शेवटचं फाइल उलटी चढल्यामुळे. मग गड्ड्याच्या यात्रेचे फोटो आले. त्याच वर्षीच्या जानेवारीतले सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतानाचा तो क्षण. तो क्षण साधायला प्रत्येक फोटोवाला दुसऱ्याच्या खांद्यावर कोपर ठेवतो, त्यामुळे प्रत्येक फोटोत एक तरी परकं कोपर असतंच. एकानं नान्नजच्या माळरानाचा फोटो पाठवला. नुसतं गवत, वर आभाळ. खाली शीर्षक होतं, ‘माळढोक (उडून गेल्यानंतर)’. माळढोक पक्षी आता इतका दुर्मीळ झालाय, की या फोटोला खोटं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

उद्घाटनाचं भाषण ध्वनिचित्रफितीत आलं आणि त्यात हुसेन आले. ते येणारच. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, आणि आमच्याकडचं कलाविषयक कुठलंही भाषण त्यांना सोडून पुढे जात नाही. आई लहानपणीच गेली आणि वडील त्यांना घेऊन इंदूरला गेले, हा भाग भाषणात सहसा येत नाही. मला त्यांच्या आयुष्यातले पुढचे दिवस जास्त आठवतात. मुंबईत ते सिनेमाचे भलेथोरले फलक रंगवायचे. फलकासमोरून हजारो लोक जायचे आणि मान वर करून नटीकडे बघायचे. रंगवणारा कुठल्या खांबाला टेकून उभा आहे हे कुणी विचारत नसे. ऑनलाइन प्रदर्शनाची तालीम त्यांनी फार आधी करून ठेवली होती म्हणायची.

मला वाटलं होतं, की हे सगळं बघून आपण खट्टू होणार. अंगठ्यानं चित्र वर सरकवायचं, दुसरं येतं. त्यात मान तिरकी करायला वेळ कुठला? पण चित्रांचा विभाग उघडला आणि मी रेंगाळलो. छायाचित्र पाठवणं सोपं असतं, चित्र पाठवायचं तर आधी त्याचा फोटो काढावा लागतो, आणि घरातल्या ट्यूबलाइटखाली काढला तर मधोमध पांढरा पट्टा उमटतो. मग चित्र गच्चीवर न्यायचं. गच्चीवर वारा. म्हणजे कुणीतरी ते धरायला हवं. अशी ती सगळी चित्रं आली होती, धरलेली. भुईकोट किल्ल्याचं एक जलरंगातलं चित्र होतं, निवृत्त चित्रकला शिक्षकांचं. बुरुजाच्या डाव्या कडेवर एक इवलासा अंगठा होता, नखावर अर्धं उडालेलं गुलाबी नेलपॉलिश. उजव्या कडेवर चार जाड बोटं, एकात तांब्याची अंगठी, पेरांत हळद मुरलेली. खंदकाच्या खाली, जिथे कागद संपतो तिथे, गच्चीची फरशी आणि तुळशीच्या कुंडीचा कान. नातीनं एका बाजूनं धरलंय, आजीनं दुसऱ्या बाजूनं, मास्तर समोर मोबाइल घेऊन ‘वर, अजून वर’ म्हणताहेत, हे सगळं त्या कडांवर लिहिलेलं होतं. खरं सांगायचं तर किल्ल्यापेक्षा मी त्या बोटांकडेच जास्त वेळ बघत होतो. सभागृहात हे मास्तर खांबाला टेकून एकटे उभे राहिले असते. इथे अख्खं घर चित्राला धरून उभं होतं.

मंडळातला एक तरुण फार टापटिपीचा. रात्री बसून त्यानं सगळ्या चित्रांच्या कडा कापल्या. बोटं गेली, फरशी गेली, तुळस गेली. चित्रं स्वच्छ झाली, एखाद्या दुकानाच्या कॅटलॉगमधली असावीत तशी.

त्याच्या कात्रीतून सुटली ती फक्त रांगोळी. गावाच्या पूर्व भागातल्या एका बाईंनी दारातल्या मुग्गूचा फोटो पाठवला होता. ठिपक्यांभोवती वेटोळी घेत गेलेली ती तेलुगू रेषा कुठे सुरू झाली नि कुठे संपली, याचा थांग लागत नव्हता. कोपऱ्यात त्यांच्या पायाचं जोडवं दिसत होतं, पण कापायला गेलं तर रेषाही तुटत होती. प्रश्न वेगळाच निघाला. ही प्रवेशिका चित्रकलेची, की छायाचित्रणाची? रांगोळी आईची, फोटो मुलाचा. भिंतीवर टांगता येत नाही म्हणून जी कला आमच्या चित्रप्रदर्शनात कधी आली नव्हती, ती आली आणि आल्या आल्या तिनं नियमावली गुंडाळून ठेवली. शेवटी प्रमाणपत्र दोघांच्या नावानं काढायचं ठरलं. तोवर संध्याकाळ झाली होती आणि मूळ कलाकृतीवरून दोन स्कूटर गेल्या होत्या.

ऑनलाइन चित्र बोटांनी ताणून मोठं केलं की त्याचे चौकोन होतात. लोकांना त्याचा राग येतो, मला तेव्हा आमची चादर आठवते. चादरीवरचं मयूरपंख आधी कागदावर काढतात, तेही बारीक चौकोनांच्या कागदावर. एकेक चौकोन रंगानं भरायचा, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, पत्ते जकार्डवर चढवायचे, आणि भोक सांगेल तो धागा उचलला जातो. डोळा लावून बघितलं तर मोराचं पीस म्हणजे नुसते भरलेले नि रिकामे चौकोन. आमच्या विणकरांनी याच रीतीनं भिंतीवर लावायच्या तसबिरी विणल्या, देवांच्या आणि पुढाऱ्यांच्याही. हा माग काढणाऱ्या जोसेफ मारी जकार्डची स्वतःचीही तसबीर लियोंला अशीच रेशमात विणली होती, चोवीस हजार पत्ते लावून. सालही फोटोच्या विद्येचंच, १८३९. एकीकडे सूर्यप्रकाशानं तसबीर उमटत होती, दुसरीकडे धाग्यानं. लंडनच्या चार्ल्स बॅबेजनं ती तसबीर मिळवून आपल्या घरी लावली. आलेल्या पाहुण्यांना ती छापील वाटायची आणि त्याला त्याची मोठी गंमत वाटे. आपल्या गणनयंत्राला आज्ञा द्यायला त्यानं योजले ते याच मागाचे पत्ते. म्हणजे मोबाइलवर चित्र फुटून चौकोन दिसले, तर सोलापूरच्या माणसानं दचकायचं कारण नाही. घरचंच कापड उसवून समोर आलंय.

मतदान सुरू झालं आणि गावाची खरी कला दिसली. ज्याला अंगठे जास्त तो लोकप्रिय, असा नियम. पुण्याला नोकरीला गेलेली अख्खी सोसायटी एका पोराच्या काळविटाला मत देऊन गेली. ‘‘काय बे, बघितला का नाही?’’ असे फोन रात्री अकरापर्यंत. चित्राखाली ‘छलो अद’ यायचं, त्याखाली ‘चाला बागुंदी’, त्याखाली ‘बढिया मास्टर’, आणि सगळ्यांत खाली आमचं मराठी ‘बरंय की’. मास्तरांच्या किल्ल्याला फार मतं पडली नाहीत. मी त्यांना फोन केला. त्यांनी आधी पावसाची चौकशी केली. मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘बघितलंत का?’’ पाच-सात पावलांचं अंतर फोनवरही बरोबर पाळलं गेलं होतं.

त्या महोत्सवातला एक फोटो आता माझ्या डोक्यातून जात नाही. हुरड्याच्या दिवसांत काढलेला, होटगी रस्त्याकडचा. उभी ज्वारी आणि मावळता सूर्य. फार सुंदर. २०२३ च्या १५ जूनला सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली, विमानतळाच्या आड येते म्हणून. त्या दिवशी अर्धं गाव मोबाइल उंच धरून उभं होतं. काही क्षणांत ती बसली, धूळ उठली, आणि ज्या आभाळाकडे आम्ही कधी नीट बघितलंही नव्हतं ते एकदम उघडं पडलं. नंतर तो फोटोवाला मुलगा भेटला. म्हणाला, ‘‘काका, माझ्या त्या फोटोत डाव्या कडेला चिमणी होती. सूर्याला आड यायची म्हणून पाठवताना कापली.’’ मूळ फोटो आहे का म्हटलं, तर तो जुन्या मोबाइलबरोबर गेलेला. आता तो लोकांच्या लग्नाच्या फोटोंमध्ये, वाढदिवसांच्या फोटोंमध्ये, खांद्यामागून डोकावणारी चिमणी शोधत असतो. एक सापडलीय म्हणे, कुणाच्या तरी नव्या मोटरसायकलीच्या मागे.

यंदा महोत्सव पुन्हा ठरलाय, सभागृहातही आणि ऑनलाइनही. नियमावली छापून आली. तिच्यात ठळक अक्षरांत एक ओळ आहे: चित्र धरणाऱ्याची बोटं दिसल्यास प्रवेशिका बाद होईल. मी तसाच उठून अध्यक्षांकडे गेलो आणि ही ओळ काढाच म्हणून हट्ट धरला. ते पावत्या फाडत होते.

‘‘राहू द्या की काका,’’ मान वर न करता ते म्हणाले, ‘‘नियम कोण वाचतंय?’’