आधी स्कूटर तिरपी करा

आमच्या म्हसावदहून तोरणमाळ जवळ. राणीपूर मागे टाकलं की डोंगर सुरू. पण एवढ्या जवळ जाऊन आलं तर त्याला 'लाँग राइड' म्हणता येत नाही, अशी आमच्या पुतण्याची अडचण झाली. म्हणून त्याने आबांची जुनी चेतक गोठ्यातून बाहेर काढली, तिच्यावरचा कडबा झटकला आणि घरात जाहीर केलं : म्हसावद ते आकुर्डी. स्कूटर जन्मली तिथे तिला न्यायचं. माहेरपणाला.

ही स्कूटर घरात आली तेव्हा तिला कुणी 'विंटेज' म्हणालं नव्हतं. 'नंबर लागला' म्हणाले होते. तेव्हा पैसे भरून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत, आणि नंबर लागलेला माणूस गावात उगाच दोन बोटं उंच चाले. पुढे उभं पोर, मागे आडवी बसलेली आई, तिच्या मांडीवर धाकटा आणि पायाशी केळीचा घड, असा आख्खा संसार आबांनी तिच्यावरून शहाद्याच्या बाजाराला नेला. संरक्षणाला काय? कानावर मफलर.

पुतण्याच्या गुडघ्याला ढाल, कोपराला ढाल, हेल्मेटवर कॅमेरा. जॅकेट स्कूटरच्या आजच्या किमतीहून महाग. "आणि स्कूटरला काय घेतलंस रे?" मी विचारलं. "स्टिकर, काका."

विंटेज म्हणजे काय, हे सरकारने २०२१ मध्ये नियमात लिहून ठेवलं आहे. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये भरले की 'व्हीए' अक्षरांची मानाची पाटी मिळते. त्यानंतर ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला न्यावी, पेट्रोल भरायला न्यावी, दुरुस्तीला न्यावी. (दुरुस्तीची सवलत ज्या अधिकाऱ्याने घातली, त्याच्या घरी नक्की चेतक असणार.)

चेतक बाजारात आली १९७२ साली. आमची ऐंशीच्या दशकातली, म्हणजे पन्नाशीला अजून अवकाश. मान नाही, पण १५ वर्षं उलटल्यामुळे फेरनोंदणी आहे, पर्यावरण कर आहे आणि ती नवी एचएसआरपी पाटीही आहे, जिची मुदत सरकार स्वतःच पुढे ढकलत आलं. कौतुक कुणी करत नाही, वसुली मात्र चुकत नाही. थोडक्यात, स्कूटर मध्यमवर्गीय आहे. त्यात तिचे मूळ कागद धुळ्याचे. आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. वयाने स्कूटरच वडील.

प्रस्थान झालं. सारंगखेड्याला तापी ओलांडली. दत्तजयंतीला इथे घोड्यांचा बाजार भरतो आणि त्यासोबतच्या सोहळ्याचं नावही चेतक फेस्टिव्हल. घोड्याचं वय दात बघून कळतं, आमच्या चेतकचं धूर बघून. दोंडाईच्याला पेट्रोल भरताना पुतण्याने टू-टी ऑइल मागितलं, तर पंपावरचा पोरगा म्हणाला, "ते काय असतं?" पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. उसाच्या तालुक्यातल्या पोराला याचा अभिमान वाटायला हवा; पण स्कूटरच्या जुन्या रबरी नळ्यांना उसाची सवय नाही.

चांदवडच्या अलीकडे, राहुड घाटात तिने अंग टाकलं. पुतण्याने किक मारल्या, मोबाइलला विचारलं, पुन्हा किक मारल्या. बुलेटवाले थांबले, स्कूटरसोबत सेल्फी काढून 'लीजंड आहे भाऊ' म्हणाले आणि गेले. शेवटी कांद्याचा ट्रॅक्टर थांबला. त्यावरून टोपीवाले बाबा उतरले आणि एक शब्द न बोलता त्यांनी स्कूटर तिरपी केली, पुन्हा सरळ केली. मग बाजूचं झाकण काढून त्यांनी प्लग सोडवला. तो काजळीने काळाठिक्कर. बाबांनी तो काडेपेटीच्या कडेला घासला, फुंकर मारली, कॅपमध्ये खोचून इंजिनाला टेकवला आणि म्हणाले, "मार किक." निळी ठिणगी उडाली. प्लग जागेवर बसला आणि दुसऱ्या किकला स्कूटर धुरासकट जिवंत झाली. पुतण्याच्या कॅमेऱ्याची बॅटरी धुळ्यालाच संपली होती.

बजाजने २००९ च्या शेवटी स्कूटर सोडली आणि २०२० मध्ये चेतक हे नाव पुन्हा आणलं, ते बॅटरीवर. आकुर्डीत आता तीच विजेची चेतक बनते. तिला किक नाही, प्लग नाही, धूर नाही, तिरपं करण्याची गरज नाही. माहेरी आडनाव तेवढं जुनं, ओळखीचं माणूस एकही नाही. पुतण्याने लांबून फोटो काढला आणि येताना स्कूटर टेम्पोत घातली. व्हिडिओचं नाव त्याने 'एकट्याची झुंज' ठेवलं आहे. त्यात बाबा नाहीत, टेम्पोही नाही.

तेव्हा वाचकहो, घाटात जॅकेट घातलेला एखादा वीर बंद स्कूटरशेजारी दिसला, तर फोटो काढू नका. डिकीत प्लगपाना असेल तर थांबा. नसेल तर बिनधास्त पुढे निघा. मागून कांद्याचा ट्रॅक्टर येतोच आहे.