पीपीएमभाऊ

परवा राजकमल चौकातल्या टपरीवर पोऱ्यानं पाण्याचा ग्लास माझ्यापुढं ठेवला. मी तो उचलणार, तेवढ्यात शेजारून एक हात आला आणि ग्लासात पेनाएवढी काडी बुडाली. वर बघायची गरजच नव्हती. दुसऱ्याच्या ग्लासात न विचारता मीटर बुडवणारा माणूस अख्ख्या अमरावतीत एकच आहे.

"तीनशे बारा," पीपीएमभाऊंनी निकाल दिला. "प्याले चालते मास्तर. पन काच नाही धुता येत यानं."

मला काच धुवायची नव्हती, तहान लागली होती.

अशी माणसं तुमच्याकडंही असणारच. स्कूटरचं मायलेज चार वर्षं विचारतात आणि तोवर पायी हिंडतात. फ्लॅट पाहता पाहता बिल्डरच्या पोरांची लग्नं लागतात, यांचं घरभाडं चालूच. घेणार तर असतातच, फक्त "एवढं एक पाहून घेतो, मंग घेतो." भाऊंनी पाहायला घेतलेली वस्तू आमच्याकडं कुणाला ठाऊक नव्हती, एवढाच काय तो फरक. काचा धुण्याचा पाण्याचा बांबू. बांबू हा माझा शब्द. भाऊ 'पोल' म्हणतात, आणि मी बांबू म्हटलं की दुखावतात.

भाऊ एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले, हातात पैसे आले आणि ते पुण्याला भाच्याकडं गेले. तिथं एक माणूस रस्त्यावर उभा राहून तिसऱ्या मजल्याची काच धूत होता. शिडी नाही, झुला नाही, साबण नाही, शेवटी पुसायला फडकंसुद्धा नाही. लांब पोल, टोकाला ब्रश, ब्रशातून पाण्याच्या धारा. घासलं, धुतलं, चालला पुढं. काच आपली आपण वाळली आणि डाग नाही! भाऊंनी त्या माणसाला दीड तास प्रश्न विचारले. शेवटी तो पोल दुमडून निघून गेला. काम झालं म्हणून गेला, असं भाऊ सांगतात.

अमरावतीला परतताना भाऊंना गाडीतूनच धंदा दिसायला लागला. त्यांचं चुकलं नव्हतं. गेल्या काही वर्षांत आमच्याकडं दवाखाना असो, कोचिंग क्लास असो की साड्यांचं दुकान, दर्शनी भिंत काचेचीच लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, काळ्या मातीची धूळ बाराही महिने उडते, अशा गावाला काचेची भिंत सुचावी कशी, हे मला उलगडलेलं नाही. उद्घाटनाला ती चकाकते. पुढं वॉचमन बोरच्या पाण्याचा पाइप मारतो आणि पाणी वाळलं की काचेवर क्षारांची पांढरी देवी उठते.

सगळं गणित इथंच आहे, असं भाऊ म्हणतात, आणि ते खरं आहे. डाग पाण्याचा नसतो, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा असतो. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. क्षारच नसले तर मागं राहणार काय? पीपीएम म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप. म्हणून या धंद्यात पाणी शून्य पीपीएमचं लागतं. ते मोजायला मीटर लागतं. ते भाऊंनी अडीच वर्षांपूर्वी घेतलं. धंद्याचं भांडवल म्हणून आजतागायत तेवढीच खरेदी झाली.

आणि दोनशे पानी वही. तिच्यात काय नाही! ॲल्युमिनियमचा पोल स्वस्त, पण पूर्ण लांबीला नवरदेवाच्या घोड्यासारखा डुलतो. ग्लास फायबरचा मजबूत, पण दुपारपर्यंत खांदा उतरतो. कार्बनचा हलका नि ताठ, पण किमतीला भारी, आणि ॲल्युमिनियमसारखी त्यातूनही वीज वाहते. आमच्या गल्लीत घरं कमी नि तारा जास्त, त्यामुळं या ओळीखाली भाऊंनी तांबड्या शाईनं दोन रेघा मारल्या आहेत. जर्मनीचं उंगर की इंग्लंडचं गार्डिनर, ब्रशातून धार सरळ पडावी की पंख्यासारखी पसरावी, सगळं नोंदलेलं. फार मळलेल्या काचेला तिकडं डुकराच्या केसांचा ब्रश वापरतात, हे वाचल्यापासून भाऊ आठवडाभर अस्वस्थ होते. "देवस्थानाचं काम भेटलं तं ट्रस्टीले काय सांगावं?" देवस्थानानं तोवर विचारलंही नव्हतं.

सुरुवातीला वीस फुटी पोल घ्यावा, दोन मजले आरामात होतात, असं या धंद्यातले झाडून सगळे सांगतात. भाऊंनाही ते पटलेलं. पण रात्री झोपेत तिसऱ्या मजल्यावालं गिऱ्हाईक येई. मग तीस फुटीची चौकशी. मग चौथा मजला. भाऊंच्या घरापासून गाडगेबाबांची समाधी हाकेच्या अंतरावर आहे. शेंडगावच्या त्या माणसानं खराटा उचलण्याआधी काड्यांची लांबी, वजन नि लवचीकता यांचा तक्ता केला असता तर? हा प्रश्न मी भाऊंना एकदाच विचारला. ते म्हणाले, "बाबांचं काम जमिनीवर होतं. उंचीचं वेगळं असते." आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मीटर मात्र कामाला लागलं होतं. महालक्ष्मीच्या जेवणात भाऊंनी ते आंबिलीत बुडवलं. एका तेरवीत वरणात. साळ्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला कलशात बुडवायला निघाले, तेव्हा गुरुजींनी मंत्र न थांबवता त्यांचा हात धरला. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची मंडळी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं राजराजेश्वराला नेतात. खांद्यावर दांडा, दांड्याला पाण्याची भरणी. भाऊ भारावले. "पाह्यलं का मास्तर, पोल अन् पानी! आपल्याकडं हे पहिल्यापासूनच होतं!" एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण हात खिशाकडं गेला. आकडा वाचायच्या आत एका शिवभक्तानं मीटर हिसकून पूर्णेत भिरकावलं. आता आहे ते दुसरं.

पण अकोटला जे झालं त्याला तोड नाही. भाऊंच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो. मुलीनं ट्रे पुढं केला. नवरदेवानं मुलीकडं पाहिलं, मुलीनं जमिनीकडं, भाऊंनी ग्लासाकडं. मी पायानं डिवचलं, उपयोग झाला नाही.

"नऊशे सत्तर," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

मुलीचे वडील पांढरे पडले. "नऊशे सत्तर... काय? ग्रॅम?"

कुणाला काही सुचेना. भाऊंनी खुलासा म्हणून शेजारचं लिंबू सरबत ओढलं आणि मीटर त्यात घातलं. आकडा उड्या मारायला लागला, शेजारी 'गुणिले दहा'चं चिन्ह लुकलुकू लागलं. तेव्हा मुलीनं मान वर केली. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली.

"काका, ते मीठ मोजून रायलं. साखर त्याले दिसतच नाही. वीज वाहून नेईन तेच त्याले दिसते. अन् शेवटचं कॅलिब्रेशन कधी केलं होतं?"

भाऊंनी तिथल्या तिथं लग्न ठरवून टाकलं. नवरदेवाला नंतर विचारलं.

सूनबाई अकोल्याला गौरक्षण रोडवर राहायला आल्या आणि भाऊंची वही तीन दिवसांत वाचून काढली. "काका, सुरू कधी करता?" भाऊंचं उत्तर ठरलेलं: एवढं एक रेझिनचं पाहून घेतो. प्रश्न खोटा नव्हता. निव्वळ रेझिनच्या नळकांड्यातून पाणी काढलं तर शून्य मिळतं, पण पाणी जेवढं जड तेवढं रेझिन लवकर संपतं. आमचं बोरचं पाणी म्हणजे रेझिनचा खाटीकखाना. म्हणून आधी आरओ लावायचा, बहुतेक क्षार तिथं काढायचे, उरलेसुरले रेझिनला द्यायचे. पण आरओ जेवढं पाणी देतो त्याहून जास्त मोरीत सोडतो, आणि अकोल्यात नळ काही रोज येत नाही. ते सोडलेलं पाणी फरशीला वापरावं की संडासाला, यावर भाऊंची सहा पानं झाली होती.

सूनबाईंनी सहाही पानं वाचली, बाजारात गेल्या आणि सोळा लिटरचा बॅटरीवरचा फवारणी पंप घेऊन आल्या. कपाशीवर मारायचा, आपल्याकडं घरोघरी असतो तो. विलायतेत पाठीवर अडकवायची जी टाकी भाऊ वहीत चितारत बसले होते, ती हीच. फक्त नवीन घेतला, जुन्यात औषधाचा अंश राहतो. पेंटरचा लांबणारा दांडा, गाडी धुण्याचा मऊ ब्रश, आरपार नळी, घरचा आरओ, त्यापुढं रेझिनची बाटली. झालं, सुरुवातीचं साहित्य एवढंच.

पहिलं काम एका दातांच्या दवाखान्याचं, दोन मजली. काच तापायच्या आत, सकाळी सहाला. भाऊ अमरावतीहून पहाटेच्या एसटीनं हजर. त्यांनी पंपात मीटर बुडवलं आणि बघत राहिले. तीन शून्यं. पुन्हा बुडवलं. तीन शून्यं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मीटरला सांगायला काही उरलं नव्हतं, आणि भाऊंनाही.

धूळ निघाली, चिमण्यांची घाण निघाली, पण खालच्या काचेवरची पांढरी देवी जागची हलेना. डॉक्टर कंबरेवर हात ठेवून उभे. सूनबाईंचा चेहरा उतरला. भाऊ पुढं झाले. "पान एकशे चौदा. बोरचे क्षार आहेत, वर्षानुवर्षं बसलेले. शुद्ध पानी नवा डाग पडू देत नाही, जुना काढत नाही. त्याले आधी सौम्य आम्ल लागते, कोपऱ्यात लावून पाहा लागते, काचेले लेप असन तं हात लावू नोका." व्हिनेगर आणवलं, कोपरा घासला. काच दिसली. डॉक्टरांनी मागचीही बाजू सांगितली.

भाऊंना परत आणायला मी गाडी घेऊन गेलो होतो. जून २०२२ मध्ये याच अमरावती–अकोला रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर पसरून गिनेस बुकात नाव लागलं. एरवी त्या रस्त्यावर मी भाऊंना हा आकडा हटकून ऐकवतो. त्या दिवशी जीभ उचलली नाही. मूर्तिजापूरच्या पुढं ते आपणच बोलायला लागले.

त्यांचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणीच खारट, विहीर खणा की बोर. मीटर घेतलं त्या दिवशी ते पहिल्यांदा गावी गेले होते आणि घरच्या विहिरीची बादली काढून त्यात बुडवलं होतं. तेव्हाच 'गुणिले दहा' पहिल्यांदा लुकलुकलं.

"मायची डाळ शिजे नाही मास्तर. दोन-दोन घंटे चूल जाळे, दाणा तसाच. आजी बोले, बाप ताट सरकवून देये. हाताले गुणच नाही म्हनत. तिलेही तसंच वाटे." काडी खिशातून काढून त्यांनी टोपण उघडलं, लावलं. "असल्या पान्यात कोनाचीच डाळ शिजत नाही. पन ते तिले कोनी सांगितलं नाही."

मी काही बोललो नाही. बडनेऱ्याच्या पुलाखाली चहाला थांबलो, तेव्हा ग्लास मीच त्यांच्यापुढं सरकवला.

धंदा आता सूनबाईंचा आहे, चांगला चाललाय. भाऊ अमरावतीत बसून तीस फुटी कार्बनची चौकशी करतात. माणूस वैताग आहे, यात बदल नाही. गेल्या मृगात पहाटे साडेपाचला फोन वाजला, आणि माझ्या तोंडून काय निघालं ते इथं लिहीत नाही.

"मास्तर, पाऊस! भांडं ठेवा बाहेर! पन लगेच नोका ठेवू. पहिल्या सरीत धूळ राह्यते. धा मिनिटं थांबा, मंग ठेवा. माह्या इथं सात! सात दाखवून रायलं! अन् डाळ टाका आज त्याची!"

बायको विचारत होती, कोण मेलं? मी पातेलं घेऊन अंगणात गेलो, आणि घड्याळाकडं बघत पत्र्याखाली उभा राहिलो. अजून आठ मिनिटं होती.