डब्यावर साम्राज्य कसे उभारावे

हे मार्गदर्शन शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या नवशिक्यांसाठी आहे. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांच्याकडे बहुधा चांगला कॉम्प्युटर असणार, म्हणजे त्यांना यातली मजा कळायची नाही.

साहित्य: एक जुना लॅपटॉप, आठ जीबीचा पेन ड्राइव्ह, रेंज असलेला मोबाइल आणि एक भाचा. माझा लॅपटॉप कोअर टू ड्युओ आहे, रॅम दोन जीबी, बॅटरी फक्त वजनापुरती. भाचा नसेल तर पुतण्या चालतो. स्वतःच्या मुलाला विचारू नये, तो हसतो.

खेळ आहे एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग, १९९९ सालचा. त्याला तेव्हा १६६ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम आणि ३२ एमबी रॅम पुरायची. माझ्या डब्यात त्याच्या चौसष्टपट रॅम आहे, तरी तो अडतो. का अडतो ते पुढे येईलच. २०१९ साली याच खेळाची नवी, देखणी आवृत्ती निघाली. ती हवी असेल तर इथेच थांबा आणि आधी कर्ज काढा.

पायरी पहिली: विंडोजला निरोप

विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला बंद झाली, विंडोज टेनची १४ ऑक्टोबर २०२५ ला. आपल्या डब्याला त्यापुढचं विंडोज झेपत नाही. म्हणून लिनक्स. एमएस-सीआयटी केलेल्यांनी घाबरू नये. २००१ पासून आपल्याकडे त्या सर्टिफिकेटवर लग्नंसुद्धा जमली आहेत, ते वाया जाणार नाही. फक्त 'स्टार्ट' बटण शोधण्यात पहिले दोन दिवस जातील.

लिनक्सपैकी डेबियन घ्या आणि सोबत एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप. डेबियनची छोटी इन्स्टॉल फाइल एक जीबीच्या आत बसते, पण उरलेला संसार ती इन्स्टॉल होताना नेटवरून ओढते. रोजचा पॅक दीड जीबीचा असेल तर हे काम दोन दिवसांत वाटून घ्या: सोमवारी फाइल, मंगळवारी इन्स्टॉल. मंगळवारी घरातल्या कोणी रील पाहिलं तर बुधवार धरा.

पायरी दुसरी: वाइन टाकणे

हा शब्द घरात मोठ्याने उच्चारू नये. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं आणि केवढा गदारोळ झाला! मी त्याच्या दुप्पट पाहिला, कारण आईसमोर फोनवर म्हणालो, "वाइन टाकली, पण चढत नाहीये."

ही प्रोग्रामवाली वाइन १९९३ साली सुरू झाली आणि तिची १.० आवृत्ती २००८ मध्ये आली. पंधरा वर्षं. कल्याण-मुरबाड रेल्वेची वाट बघणाऱ्याला हा काळ काही फार वाटू नये. तिचं काम तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या अर्जनवीसाचं. खेळ येतो आणि विंडोजच्या भाषेत म्हणतो, मला पडद्यावर एक झाड काढून द्या. अर्जनवीस तोच मजकूर लिनक्सच्या नमुन्यात लिहून आत पाठवतो. खेळाला शेवटपर्यंत वाटत राहतं की आत साहेब विंडोजच आहेत.

खेळ ३२ बिटचा, लिनक्स ६४ बिटचा, म्हणून वाइनचा ३२ बिटचा भाग वेगळा मागवावा लागतो. तो हुकूम काळ्या खिडकीत टाइप करायचा. माझा भाचा धसईहून फोनवर सांगत होता.

"मामा, लिहा सुडो."

"सूड?"

"सुडो. म्हणजे सरपंचाच्या सहीने. मग स्पेस."

"किती?"

"एक. आता पासवर्ड टाका."

टाकला. पडद्यावर काहीच उमटेना. चांदणी नाही, टिंब नाही. कीबोर्ड मेला असं समजून मी उलटा करून झटकला, त्यातून दोन मुंग्या आणि शेवेचा तुकडा पडला. भाचा म्हणाला, "दिसत नसतो मामा, आत जात असतो." नवशिक्यांनी हे लिहून ठेवावं: पासवर्ड दिसत नाही, आत जातो.

अजून एक अडचण आपल्या लिपीची. देवनागरीत मोठी लिपी, लहान लिपी असा भेद नाही, आणि लिनक्सला इंग्रजी अक्षरांचा तो भेद जिवापाड प्रिय. मोठ्या अक्षराचं 'सेटअप' आणि लहान अक्षराचं 'सेटअप' त्याच्या लेखी दोन वेगळी माणसं. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

खेळ बसला की तो पूर्ण पडदा बळकावतो आणि बंद केल्यावरही कधीकधी पडदा तसाच मोठमोठ्या अक्षरांचा राहतो. वाइनच्या सेटिंगमध्ये 'व्हर्च्युअल डेस्कटॉप'वर टिचकी मारा, म्हणजे खेळ एका चौकटीत गपगुमान बसेल. खेळ २५६ रंगांच्या जमान्यातला आहे, त्यामुळे अधूनमधून गवत जांभळं दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ नका.

पायरी तिसरी: भाच्याचा डबा

भाच्याकडे लॅपटॉपही नाही. त्याने तळहाताएवढा रास्पबेरी पाय फोर टीव्हीला जोडलाय. त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा, मोबाइलमध्ये असतो तसा. तिथे नुसता अर्जनवीस पुरत नाही, कारण अर्ज घेऊन आलेल्या माणसाची बोलीच प्रोसेसरला कळत नाही. त्यासाठी बॉक्स८६ नावाचा दुभाष्या बसवावा लागतो, तो इंटेलची आज्ञा एआरएमच्या आज्ञेत फिरवतो. मग दुभाष्या, अर्जनवीस आणि खेळ असे तिघे मिळून त्या तळहाताएवढ्या यंत्रात राहतात. आश्चर्य म्हणजे गुण्यागोविंदाने राहतात. लाईट गेली तर पाय तगड्या पॉवर बँकेवर चालतो, टीव्ही चालत नाही. भाचा सांगतो, तेव्हा तो अंधारात आठवणीने खेळतो. मी विश्वास ठेवत नाही.

पायरी चौथी: शहापूर ते धसई

रस्त्याने गेलं तर किन्हवली, सरळगाव, मग आत वळायचं. नेटने ते इतकं सरळ नाही. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे दोघेही हॉटस्पॉटवर असलात तर कोणालाच कोणाचं दार सापडत नाही. झीरोटियरसारखा प्रोग्राम दोन्ही डब्यांवर टाका. तो दोघांना खोटं सांगतो की तुम्ही एकाच खोलीत आहात. वाइनमध्ये डायरेक्टप्ले वेगळं बसवा, ते विनट्रिक्समधून मिळतं. आणि दोघांची आवृत्ती अगदी एकच ठेवा. एकाकडे एक पॅच जास्त असला तर दहा मिनिटांनी खेळ 'आउट ऑफ सिंक' म्हणून उठून जातो.

धसई म्हणजे तेच गाव, जे डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. स्वाइप मशीनला रेंज लागते तशी साम्राज्यालाही लागते. मात्र किती कमी लागते ते ऐका, कारण या मार्गदर्शनात मला खरं सांगायचंय ते हेच.

पहिला एज ऑफ एम्पायर्स १९९७ चा. आठ खेळाडू, ९० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम, १६ एमबी रॅम आणि २८.८ चा मोडेम, एवढ्यात तो चालवायचा असं बनवणाऱ्यांनी ठरवलं होतं. शेकडो सैनिक कुठे उभे आहेत हे त्या मोडेममधून पाठवणं अशक्य. बनवणाऱ्यांपैकी पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ साली त्यावरची युक्ती लिहून ठेवली आहे. खेळ सैनिक पाठवतच नाही, फक्त हुकूम पाठवतो: तू इकडे जा, तू लाकूड तोड. प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्या घरी तीच लढाई जशीच्या तशी लढतो. हुकूम दिला त्याच क्षणी पाळला जात नाही, दोन पाळ्या सोडून पाळला जातो, म्हणजे तोवर तो सगळ्यांकडे पोचतो. पाव सेकंदापर्यंतचा उशीर खेळाडूंना जाणवतही नाही, अर्ध्या सेकंदापर्यंतचा खपतो, फक्त तो एकसारखा हवा, असं त्यांना दिसलं. आमच्या पावसाळी रेंजने हे वाक्य वाचलेलं नाही.

आता यातली गोम. सगळ्यांनी एकाच पाळीत राहायचं तर खेळ सर्वांत मंद डब्याच्या चालीने चालतो. आवणीला रांगेत वाकलं की रांग सगळ्यात हळू हाताच्या माणसाच्या चालीने सरकते, तसंच. पुण्यातला भाच्याचा मित्र हजारोंचं ग्राफिक्स कार्ड घेऊन बसतो, पण शहापुरात माझी हार्ड डिस्क घुरघुरली की त्याचा घोडेस्वारही चिखलात रुतल्यासारखा चालतो. एवढी सत्ता मला आयुष्यात कुठेच मिळालेली नाही, सोसायटीच्या निवडणुकीतही नाही.

"मामा, ब्राउझर बंद करा," भाचा ओरडतो. दोन जीबीत डेबियन, वाइन आणि बोलण्यासाठी उघडलेला ब्राउझर मावत नाहीत, मग सगळं डिस्कवर सांडतं. आता आम्ही साध्या फोनवर बोलतो, नकाशा सगळ्यात लहान घेतो आणि लोकसंख्या ७५ वर ठेवतो.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष खेळ

शेत करा. खेळातल्या शेताला ६० लाकडं लागतात, पाणी लागत नाही. भातसा आणि तानसा उशाशी असून उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माझ्या तालुक्याला हा खेळ का आवडतो, हे वेगळं सांगायला नको. युद्ध वगैरे नंतर बघता येईल. मी अजून कोणावर चाल केलेली नाही. माझी बारा शेतं आहेत.

मागच्या रविवारी भाच्याने माझा किल्ला घेतला. घ्यायला त्याला पाऊण तास लागला, त्यातली वीस मिनिटं माझ्या डिस्कची. पुण्याचा मुलगा मध्येच जेवून आला.

तेव्हा एक विनंती. कोणाकडे जुन्या लॅपटॉपची डीडीआर टू, दोन जीबीची रॅम पडून असेल तर टाकू नका. आसनगाव स्टेशनवर या, मी पूर्वेच्या बाजूला मोटारसायकल घेऊन उभा असेन. चहा माझ्याकडून.